धाडसाचे कौतुक आणि न पाहिलेले चित्रपट

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या मराठी विभागाने ‘साहित्य आणि इतर माध्यमे’ या विषयावर एक चर्चासत्र घेतले होते. अशा चर्चासत्रांत ‘इतर माध्यमे’ म्हणजे कादंबरीवरून निघालेला चित्रपट, एवढाच अर्थ असतो. त्याप्रमाणे मूळ कादंबरी श्रेष्ठ की तिचे पडद्यावरील रूप श्रेष्ठ, यावर दिवसभर निबंधवाचन झाले. शेवटच्या सत्रात मी आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटाचा उल्लेख करून म्हटले की मराठी शाहिरीच्या अभ्यासकाला हा चित्रपट टाळता येणार नाही. अध्यक्षस्थानी असलेल्या ज्येष्ठ समीक्षकांनी मान डोलावली. समारोपात ते म्हणाले, “पटवर्धन फार धाडसी गृहस्थ आहेत, त्यांच्या धाडसाला सलामच केला पाहिजे, परंतु त्यांचे काम प्रचारकी आहे, कला म्हणून त्याचा विचार वेगळा करावा लागेल.” तो वेगळा विचार कधी करायचा, हे काही त्यांनी सांगितले नाही. चहाच्या वेळी मी विचारले, तेव्हा कळले की त्यांनी ‘जय भीम कॉम्रेड’ पाहिलेला नाही, ‘राम के नाम’ अर्धा पाहिला आहे, आणि बाकीच्यांविषयी वर्तमानपत्रांत वाचले आहे.

त्यांच्यावर राग धरण्याचे कारण नाही. त्यांनी जे केले, ते मराठी साहित्यविचार गेली चाळीस वर्षे एकमताने करत आला आहे. एका हाताने धाडसाची शाल पांघरायची आणि दुसऱ्या हाताने ‘प्रचारकी’ हा शिक्का मारायचा. या दोन्ही क्रिया वरवर परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांचे कार्य एकच आहे. चित्रपट पाहण्याच्या कष्टातून दोन्ही आपली सुटका करतात. धाडसी माणसाचे चरित्र सांगता येते, प्रचारकी कृतीचे सार सांगता येते. कृती मात्र तशीच राहते, न वाचलेली.

हा अनुभव मराठीला नवा नाही. फडके आणि खांडेकर यांच्या काळापासून आपण कला आणि जीवन यांची वाटणी करत आलो आहोत. दलित साहित्य आले तेव्हा हाच शब्द, ‘प्रचारकी’, त्याच्या दारात उभा करण्यात आला होता. पुढे दलित आत्मकथने अभ्यासक्रमात आली, त्यांवर प्रबंध झाले, आणि ज्यांनी तो शब्द वापरला होता त्यांनी तो गुपचूप मागे घेतला. पण शब्द मोडीत निघाला नाही. तो जपून ठेवला गेला आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा बाहेर काढण्यात आला.

मुळात आपल्याकडे या चित्रप्रकाराला जी नावे आहेत, तीच दिशाभूल करणारी आहेत. ‘माहितीपट’ म्हटले की माहिती पुरवणारा पट, म्हणजे शासकीय पुस्तिकेचा चुलतभाऊ. ‘अनुबोधपट’ म्हटले की बोध करणारा, म्हणजे कीर्तनाच्या उत्तररंगाचा. दोन्ही नावांमागे १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनची सावली आहे. मुख्य चित्रपट सुरू होण्यापूर्वी चित्रपटगृहांत सक्तीने दाखवली जाणारी ती धरणे, ती खते, तो धीरगंभीर निवेदक. आणि बाहेर शेंगदाणे घेत तो संपण्याची वाट पाहणारे प्रेक्षक. त्या संस्थेतही काही उत्तम चित्रकर्ते होऊन गेले, हे खरेच. परंतु माहितीपटाचा निर्माता म्हणजे सरकार, हे समीकरण आपल्या मनात इतके घट्ट बसले की सरकारखेरीज कोणी या प्रकाराचा निर्माता असू शकतो आणि तसे असल्याने कृतीचा घाटच बदलतो, हे आपल्या लक्षातच आले नाही. २०२२ मध्ये ती संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. समीकरण मात्र अजून टिकून आहे.

मला पटवर्धनांच्या बाबतीत ‘दिग्दर्शक’ या शब्दापेक्षा ‘निर्माता’ हा शब्द अधिक महत्त्वाचा वाटतो, तो यामुळे. निर्माता म्हणजे पैसे घालणारा शेठ, अशी आपली समजूत असते. पण जो पैसे घालतो तोच कृतीची लांबी ठरवतो, तिला किती वर्षे लागावीत हे ठरवतो, कोणते वाक्य गाळायचे आणि कोणता माणूस बोलून होईपर्यंत थांबायचे हे ठरवतो. साहित्याच्या अभ्यासकाला हे नवे वाटू नये. लघुअनियतकालिकांची चळवळ काय होती? लेखकांनी स्वतःच प्रकाशक होणे, एवढाच तिचा गाभा होता, आणि त्या एका कृतीतून भाषा, छपाई, आकार, विषय सगळेच बदलले. त्या चळवळीवर आपण ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. त्याच पिढीतील एका माणसाने तेच काम चित्रपटात केले, तेव्हा आपण त्याला सलाम केला आणि घरी गेलो.

पटवर्धनांचा जन्म १९५० सालचा, मुंबईचा. मुंबई विद्यापीठातून त्यांनी इंग्रजी साहित्याची पदवी घेतली, म्हणजे आपल्याच गावातले. पुढे अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र. परत आल्यावर १९७४ साली ते बिहारमध्ये जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनात पोचले आणि तिथे ‘क्रांती की तरंगें’ हा पहिला महत्त्वाचा चित्रपट झाला. मुदत संपलेली फिल्म, मागून आणलेली यंत्रे, आणि सुपर एटवर घेतलेले चित्रण पडद्यावर टाकून पुन्हा सोळा मिलिमीटरवर टिपण्याची युक्ती, अशी त्याची जन्मकथा आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. चित्रपट दाखवणे अशक्य झाले, तेव्हा त्याची प्रत तुकडे करून वेगवेगळ्या माणसांबरोबर देशाबाहेर गेली आणि कॅनडात पुन्हा जोडण्यात आली. चित्रपटाचे दाणेदार, काळवंडलेले रूप हा या इतिहासाचा दृश्य पुरावा आहे. एखाद्या पोथीवरील वाळवीची भोके पाहून आपण तिचे वय ठरवतो, मग इथे तो ‘तांत्रिक दोष’ कसा ठरतो, हे मला कळलेले नाही.

या अनुभवावर त्यांनी माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात प्रबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातील मुख्य संज्ञेचे मराठी करायचे तर ‘गनिमी चित्रपट’ असे होईल. गनिमी काव्याची एवढी ऐट मिरवणाऱ्या महाराष्ट्रात या प्रबंधाची कुणी दखल घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. त्या काळी लॅटिन अमेरिकेतील चित्रकर्ते निर्दोष, गुळगुळीत चित्रपटाच्या विरोधात सिद्धांत मांडत होते. पटवर्धनांच्या विचाराची मुळे तिकडे आहेत, तशीच ती घरातही आहेत. अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धन हे त्यांचे काका. २०२३ च्या ‘वसुधैव कुटुम्बकम’मध्ये त्यांनी आपल्या आईवडिलांची कहाणी सांगितली. आई निर्मला पटवर्धन या नामांकित कुंभारकलाकार. त्या चित्रपटात ना मोर्चा आहे, ना दंगल. आहे ते वृद्ध आईवडिलांचे घर आणि वर्षानुवर्षे सहज टिपलेले बोलणे. आणि गंमत अशी की तो पाहिल्यावर आधीच्या सर्व चित्रपटांची पद्धत उघड होते. माणसाजवळ बसायचे, त्याला बोलू द्यायचे, पुन्हा यायचे, एवढीच ती पद्धत आहे. ‘प्रचारकी’ म्हणणाऱ्यांनी निदान हा चित्रपट आधी पाहावा आणि मग मागे जावे.

आता न्यायालयीन प्रकरणांविषयी. ती सर्वश्रुत आहेत, म्हणून थोडक्यात. ‘हमारा शहर’ असो, ‘राम के नाम’ असो की ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’, राष्ट्रीय पुरस्कार देणाऱ्या शासनाचेच दूरदर्शन ते दाखवायला तयार नव्हते आणि प्रत्येक वेळी न्यायालयात जावे लागले. २००२ च्या ‘जंग और अमन’ला परिनिरीक्षण मंडळाने २१ ठिकाणी कात्री सुचवली होती. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे तो अखंड प्रदर्शित झाला. मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना परिनिरीक्षण प्रमाणपत्राची अट घातली गेली, तेव्हा चित्रकर्त्यांनी एकजूट केली आणि २००४ मध्ये ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव उभा राहिला. २०१८ च्या ‘विवेक’ला केरळच्या महोत्सवात दाखवण्यासाठी पुढच्या वर्षी तेथील उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. हे सर्व ‘धाडस’ या सदराखाली जाते.

मला यातील एकच गोष्ट साहित्याच्या माणसांपुढे ठेवायची आहे. ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’च्या खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यात न्यायमूर्तींनी जो निकष लावला तो असा की चित्रपटाचा विचार सुटी सुटी दृश्ये उचलून करता येत नाही, तो संपूर्ण कृती म्हणून, सर्वसाधारण प्रेक्षकाच्या दृष्टीने करावा लागतो. संपूर्ण कृती! सेंद्रिय एकात्मतेवर आपण मर्ढेकरांपासून शाई खर्च करत आलो आहोत. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आपण ती शिकवतो. आणि पटवर्धनांच्या चित्रपटांना ती लावण्याचे काम शेवटी दिल्लीतील न्यायाधीशांनी केले. त्यांनी चित्रपट पाहिला होता. चर्चासत्राच्या अध्यक्षांनी पाहिला नव्हता.

त्या चित्रपटाचे दोन भाग आहेत. पहिल्याचे नाव अग्निपरीक्षेचे आणि दुसऱ्याचे एका ‘हीरो फार्मसी’चे. देवराळ्याचे १९८७ चे सतीप्रकरण आणि १९९२-९३ ची मुंबईची दंगल यांच्या जोडीला रस्त्यावर मर्दानगीची औषधे विकणारा वैदू येतो. दंगलीचे कारण केवळ धर्मात न शोधता पुरुषाच्या स्वतःच्या दुबळेपणाच्या भयात शोधायचे, आणि ते वाक्यात न सांगता दोन दृश्ये शेजारी ठेवून सांगायचे, याला साहित्यात आपण रूपक म्हणतो. पडद्यावर आले की तोच प्रचार होतो.

तरीही मी सगळे वजन या चित्रपटावर टाकणार नाही. माझा मुद्दा ‘हमारा शहर’ (१९८५) आणि ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या दोन चित्रपटांच्या मधल्या २६ वर्षांत आहे.

‘हमारा शहर’ हा मुंबईच्या झोपड्या पाडण्याविषयीचा चित्रपट. १९८१ च्या पावसाळ्यात अंतुले सरकारने पदपथवासीयांना हुसकावण्याची मोहीम काढली, त्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला आणि १९८५ च्या जुलैमध्ये निकाल लागला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो हे मान्य झाले, पदपथ रिकामे करण्याची मुभाही मिळाली. त्याच वर्षीचा हा चित्रपट. त्यात एक बाई चित्रपट काढणाऱ्यांवरच चिडते. गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्यासाठी काय करणार, असा तिचा रोख आहे. पटवर्धनांनी हे दृश्य ठेवले. प्रचारक हे दृश्य ठेवत नाही, तो ते आधी कापतो. आपल्या हेतूवर घेतलेला सर्वांत धारदार आक्षेप कृतीच्या पोटातच जपून ठेवणे ही जी गोष्ट आहे, तिला समीक्षेत काही नाव असेल तर ते कुणीतरी द्यावे. मराठी ग्रामीण कथेत सहानुभूतीने भारावलेल्या लेखकाला त्याच्याच पात्राने असे फटकारल्याची उदाहरणे किती सापडतील, याचा शोध विद्यार्थ्यांनी घ्यायला हरकत नाही.

याच चित्रपटात विलास घोगरे गातात. मुंबईच्या झोपडपट्टीत राहणारे दलित शाहीर, डाव्या सांस्कृतिक चळवळीत वाढलेले. गाणे हिंदी आहे, कारण मुंबईच्या मजुराची भाषा त्या शाहिराला ठाऊक होती. शाहिरीचे मराठीपण शुद्ध राखण्याची चिंता करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले, तेव्हापासून मुंबईची शाहिरी ही गिरणीच्या, गोदीच्या, अनेक भाषांच्या शहराची शाहिरी आहे.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. कपाळाला निळी पट्टी बांधलेली होती. लाल चळवळीत आयुष्य घालवलेल्या आणि नंतर त्याच चळवळीने दूर केलेल्या या माणसाने जाताना निळा रंग का निवडला, या प्रश्नातून ‘जय भीम कॉम्रेड’ सुरू होतो. पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली.

चौदा वर्षे. कुठली वाहिनी, कुठले खाते, कुठली संस्था एखाद्या निर्मात्याला चौदा वर्षे देते? म्हणून मी म्हटले की निर्माता कोण, हा घाटाचा प्रश्न आहे. १९९७ ची घटना, मग चौकशी आयोग, गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये झालेली जन्मठेप आणि त्याला मिळालेला जामीन, २००६ चे खैरलांजी, दलित नेत्यांच्या बदलत्या युत्या, दर ६ डिसेंबरची चैत्यभूमी, मग कबीर कला मंचाची तरुण मुले, हे सगळे एकाच माणसाच्या मरणाभोवती वर्तुळे घेत येते. लहान मुले मोठी झालेली दिसतात. हल्लेखोर जमाव पेट्रोलियम वायूचे टँकर पेटवणार होता, असा पोलिसांचा दावा होता. चित्रपट त्याच्या मागे जातो, जागा पाहतो, अंतर पाहतो आणि दाव्याची वीण उसवतो. पण या शोधाच्या मधोमध बायका बसतात आणि बाबासाहेबांची गाणी म्हणतात. कचरा उचलणारे कामगार बोलतात. संभाजी भगत गातात. शीतल साठे गाते आणि शेवटी तिची आई बोलते. तीन तासांहून अधिक लांबीच्या या चित्रपटातील गाणी ही कथेतली विश्रांती नाही. प्रत्येक गाणे पुरावा म्हणून येते. कोणत्या जातीने, कोणत्या वर्षी, कोणत्या चालीवर, कोणासमोर काय म्हटले, याचा तो पुरावा आहे.

इथे मला साहित्याच्या इतिहासातील एक जुनी गोष्ट आठवते. आपण ज्याला ऐतिहासिक पोवाडे म्हणतो, त्यातले पुष्कळसे आपल्यापर्यंत कसे आले? १८९१ साली हॅरी अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शालिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. गोंधळ्यांच्या तोंडून ऐकून, उतरवून घेऊन. पुढे य. न. केळकरांनी ते काम विस्ताराने केले. अ‍ॅक्वर्थ हे मुंबई महापालिकेचे आयुक्त होते. वडाळ्याचे कुष्ठरोग रुग्णालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. म्हणजे एका आयुक्ताने पोवाडे गोळा केले आणि त्यानंतर शंभर वर्षांच्या आतच त्याच महापालिकेची गाडी शाहिरांच्या झोपड्या पाडायला आली. यावर टिप्पणीची गरज नाही. मुद्दा असा की अ‍ॅक्वर्थ आणि शालिग्राम यांच्या संग्रहाला आपण साहित्याच्या इतिहासात निःसंकोच जागा देतो. संग्राहक परका, सत्ताधारी, त्याची निवड त्याच्या आवडीची, हे माहीत असूनही देतो. कारण संहिता तिथे आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या आंबेडकरी शाहिरीसाठी ‘जय भीम कॉम्रेड’ हे तेच काम करतो, आणि अधिक काटेकोरपणे करतो. इथे चाल आहे, श्वास आहे, ढोलकी आहे, समोरचा श्रोता आहे, गाण्याआधीचे बोलणे आहे. छापील संग्रहात यातले काहीच उरत नाही. आणि तरीही आपल्या अभ्यासक्रमात शाहिरी पेशवाईत सुरू होते, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत संपते. वामनदादा कर्डकांना कुठे एखादे पान मिळाले तर मिळाले. विलास घोगरे यांचे नाव एखाद्या पाठ्यपुस्तकात कुणाला आढळले असेल, तर मला जरूर कळवावे.

अर्थात माझेही काही आक्षेप आहेत आणि ते झाकून ठेवणे म्हणजे पुन्हा सलाम करण्यासारखेच होईल. ‘राम के नाम’मध्ये कारसेवेला निघालेल्या तरुणांना रामाचा जन्म कोणत्या शतकात झाला, असे विचारले जाते. ते गडबडतात. प्रेक्षागृहात हशा होतो. मी दोनदा तो हशा ऐकला आहे आणि दोन्ही वेळा अस्वस्थ झालो आहे. श्रद्धाळू माणसाला शतक माहीत नसणे ही त्याची चूक नव्हे. त्याला फसवणारे दुसरे आहेत, आणि चित्रपटाचा रोखही खरे तर त्यांच्यावरच आहे. त्या क्षणी मात्र कॅमेरा शहरी सुशिक्षितांच्या बाजूने बसतो. याच चित्रपटात अयोध्येचे पुजारी लालदास बोलतात. स्वतः पुजारी असून मंदिराच्या राजकारणाला शांतपणे विरोध करतात. १९९३ मध्ये त्यांची हत्या झाली. लालदासांची मुलाखत हे त्या हशाला चित्रपटानेच दिलेले उत्तर आहे, असे मी स्वतःची समजूत घालत आलो. ती पुरती पटलेली नाही. काही चित्रपटांतले इंग्रजी निवेदनही मला खटकते. ते बाहेरच्या प्रेक्षकासाठी असते हे कळते, पण मग घरातला प्रेक्षक क्षणभर पाहुणा होतो.

आणि सर्वांत गंभीर आक्षेप आंबेडकरी वर्तुळातून आला आहे. एका सवर्ण चित्रकर्त्याने दलितांचे दुःख सांगावे का, ‘जय भीम’ आणि ‘कॉम्रेड’ या दोन शब्दांना त्याने शेजारी बसवावे का? हा प्रश्न ‘प्रचारकी’ म्हणणाऱ्यांच्या प्रश्नापेक्षा हजारपटींनी मोलाचा आहे, कारण तो चित्रपट पाहून विचारलेला आहे. त्याचे उत्तर मी देणार नाही, देण्याचा अधिकारही मला नाही. एवढेच म्हणेन की चित्रपटाचे शीर्षक ही मला घोषणा वाटत नाही. ते घोगरे यांच्या कपाळावरच्या पट्टीविषयीचा प्रश्न आहे. दोन शब्दांमध्ये जोडचिन्ह नाही, हे पाहण्यासारखे आहे. पण हे माझे वाचन. दुसरे असू शकते. वाद असा, कृतीच्या आत शिरून व्हायला हवा.

तो होत नाही, कारण चित्रपट वर्गात पोचत नाही. एका महाविद्यालयात मी तो दाखवण्याची परवानगी मागितली होती. उत्तर आले की विषय संवेदनशील आहे आणि शिवाय चित्रपट मराठी विभागाच्या कक्षेत येत नाही, तो जनसंज्ञापन विभागाचा विषय आहे. पहिले कारण समजण्यासारखे होते. ऑगस्ट २०१३ मध्ये, डॉ. दाभोलकरांच्या हत्येच्या पाठोपाठ, पुण्यात या चित्रपटाच्या खेळानंतर चित्रपट संस्थेच्या विद्यार्थ्यांना मारहाण झाली होती. प्राचार्यांना भीती वाटली तर त्यांना दोष कसा द्यावा? दुसऱ्या कारणाला मात्र भीतीची सबब नाही. ते शुद्ध विद्वत्तेतून आलेले आहे. ज्ञानेश्वरी ही निरूपणाच्या श्रोत्यांसमोर घडली, तुकारामांचे अभंग कीर्तनात गायले गेले, पोवाडा तर डफाशिवाय उभाच राहत नाही, हे ज्या विभागात शिकवले जाते, त्याच विभागात गाणारा शाहीर पडद्यावर आला की तो दुसऱ्या विभागाचा होतो.

माझ्या परिचयाची एक विद्यार्थिनी या विषयावर लघुप्रबंध लिहिते आहे. मार्गदर्शकांचा पहिला प्रश्न होता, “संहिता कुठे आहे?” तेव्हा तिने संहिता तयार करायला घेतली. चित्रपट थांबवायचा, ओळ लिहायची, मागे जायचे, पुन्हा ऐकायचे. समूहाने धरलेल्या ध्रुवपदात एक शब्द लागेना, तेव्हा वस्तीत जाऊन एका आजीबाईंना ऐकवला. त्यांनी शब्द सांगितलाच, शिवाय आमच्याकडे हे कडवे निराळे म्हणतात, असे म्हणून दुसरा पाठही म्हणून दाखवला. अशी दोन वह्या भरून गाणी तिच्याजवळ आता आहेत. संदर्भसूचीचा विद्यापीठाचा नमुना ठरलेला असतो: लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष. ‘लेखक’ या रकान्यात तिने शाहिरांची नावे लिहिली आणि ‘प्रकाशक’ या रकान्यात निर्माता म्हणून आनंद पटवर्धन यांचे. मार्गदर्शकांनी त्या रकान्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून मसुदा परत पाठवला आहे. तिने ते अजून खोडलेले नाही.